पहाटे तीनचा गजर

आमच्या ह्यांच्या स्वादुपिंडात एक गाठ होती. दीड सेंटिमीटरची, वालाच्या दाण्याहून जेमतेम मोठी. ती इन्सुलिन तयार करायची आणि रक्तातली साखर कितीही उतरली तरी थांबायची नाही. अशा गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. निदान झालं तरी ऑपरेशनची तारीख लगेच मिळत नाही. मधल्या काळात साखर घरच्यांनीच सांभाळायची असते. हे खोपोलीच्या एका कारखान्यात, मी अंगणवाडी सेविका, घर कर्जत-खोपोली लाइनीवर केळवलीच्या बाजूला. घरात सासूबाई आणि बारावीतला मुलगा. चौघांनी मिळून जे निभावलं त्यातलं दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल ते लिहिते आहे. औषधांचे डोस मात्र सांगणार नाही. ते ज्याचे त्याचे वेगळे असतात.

१. ‘शुगर कमी’ म्हटलं की लोक खूश होतात

कर्जतच्या बाजारात कुणी विचारलं, “काय झालंय त्यांना?” आणि मी म्हटलं, “शुगर कमी होते,” की उत्तर ठरलेलं: “मग बरंय की! आमच्या ह्यांची तर कमीच होत नाही.” मधुमेह घरोघरी असल्यामुळे साखर वाढणं म्हणजे आजार, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण मेंदूला साखर अखंड लागते. ती पन्नाशीच्या खाली गेली की माणूस आधी चिडचिडा होतो, मग बरळतो, मग त्याला ओळख पटत नाही, आणि तरीही काही मिळालं नाही तर आकडी येते. रात्री पोट रिकामं असताना आपलं यकृत साठवलेली साखर थोडीथोडी रक्तात सोडत असतं. इन्सुलिन चालूच राहिलं तर ते सोडणं बंद पडतं. म्हणून हा आजार पहाटे, नाहीतर जेवण चुकल्यावर किंवा अंगमेहनतीनंतर डोकं वर काढतो.

हे रात्रपाळीहून पहिल्या गाडीने येत आणि कधीकधी स्टेशनवरच बसून राहत. काही विचारलं तर भलतंच उत्तर. गावात कुजबुज झाली की घ्यायला लागलेत. एका नातेवाइकांनी भगताचं नाव सुचवलं. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. दरवर्षी दहा लाखांत एक ते चार जणांना होणारा हा आजार. २०११च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर मिळून लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. इथल्या डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत असा एखादाच पेशंट दिसणार, कदाचित तोही नाही.

२. वही घाला

अंगणवाडीत आमचं अर्धं आयुष्य रजिस्टरात जातं. मुलाचं वजन, उंची, दंडाचा घेर, सगळं तारीखवार. त्या सवयीने मी ह्यांचीही वही घातली: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, काय काम केलं, काय झालं, काय दिल्यावर ठीक झाले. थोड्याच दिवसांत पान बोलायला लागलं. त्रास कधीच जेवणानंतर लगेच नाही, आणि गोड चहा पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माणूस जाग्यावर. फिट असती तर चहाने थांबली असती का?

अ‍ॅलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जननी १९३०च्या दशकात याच तीन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: साखर उतरल्याची लक्षणं, त्याच वेळी रक्तात कमी भरलेली साखर, आणि साखर दिल्यावर गेलेली लक्षणं. तिन्ही जुळली तर पुढचा शोध घ्यायचा. माझ्या वहीत पहिली आणि तिसरी होती. दुसरीसाठी ग्लुकोमीटर घेतला. त्या मशीनचं एक सांगते. बोट साबणाने धुऊन कोरडं केल्याशिवाय टोचू नका. आंबा कापलेल्या हाताने ह्यांची साखर एकदा दीडशेच्या वर आली, हात धुतल्यावर अठ्ठेचाळीस. शिवाय घरचं मशीन दहा-पंधरा अंक इकडेतिकडे दाखवू शकतं. त्यामुळे निदान त्यावर होत नाही, त्यासाठी शिरेतलं रक्त प्रयोगशाळेतच जावं लागतं. वही मात्र, पुढे ज्यांच्याकडे गेलो त्या मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्या पानापासून वाचली.

३. उपाशी ठेवायची तपासणी हॉस्पिटलातच

या आजाराची मुख्य परीक्षा म्हणजे पेशंटला दाखल करून उपाशी ठेवायचं, जास्तीत जास्त ७२ तास. पाणी चालतं, बिनसाखरेचा कोरा चहा चालतो, वॉर्डात फिरायला लावतात आणि ठरावीक वेळाने रक्त घेतात. बहुतेकांची साखर ४८ तासांच्या आतच कोसळते. ‘आपण घरीच एक दिवस उपास धरून बघू’ असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा.

ह्यांची दुसऱ्या दिवशी पहाटे कोसळली. शिकाऊ डॉक्टर बाई मधूनमधून येऊन ह्यांना शंभरातून सात वजा करत जायला सांगायच्या. संध्याकाळी हे घडाघडा दोनपर्यंत उतरले होते. पहाटे म्हणाले, “त्र्याण्णव… शहाऐंशी…” आणि मग बराच वेळ सलाइनच्या स्टँडकडे बघत राहिले. कपाळावर घामाचे थेंब. “शहाऐंशी,” पुन्हा म्हणाले, आणि चादर बाजूला सारून चप्पल शोधायला लागले, पाळी सुटली म्हणून. माझ्या हातात ग्लुकोजचं पाणी तयार होतं. डॉक्टर बाईंनी माझं मनगट धरलं. “ताई, आधी रक्त. एकच मिनिट.” त्या एका मिनिटातच सगळं असतं. साखर ५५च्या खाली गेली की धडधाकट माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन जवळपास दिसेनासं होतं. ह्यांच्यात ते भरपूर होतं, आणि सोबत सी-पेप्टाइडही. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही, शरीराने स्वतः बनवलेल्याबरोबर येतं.

४. घरातल्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मधुमेह आहे का? सासूबाईंना आहे. त्यांच्या गोळ्यांपैकी एक जात स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी असते. ती चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर रक्ताचे आकडे हुबेहूब असेच येतात. कुणी कागदाच्या पुडीतलं बिननावाचं औषध घेत असेल तर तेही दाखवा, अशा पुड्यांत मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार झाले आहेत. ह्यांच्या रक्तात तसलं काही नाही हे पाहिल्यावरच पुढची तपासणी झाली.

५. साखर वर आणायला एक, टिकवायला दुसरं

हा सगळ्यात मोठा धडा, कारण स्वयंपाकघर माझ्याकडे होतं.

साखर उतरली की पहिल्यांदा जे द्यायचं ते झटकन रक्तात जाणारं हवं. ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, साधारण १५ ते २० ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. लोक पेढा काढतात, चॉकलेट काढतात. त्यातल्या तुपा-दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि आपल्याकडे तेवढा उशीर नसतो. कर्जत स्टेशनवरच्या दिवाडकरांच्या वड्यावर ह्यांचा फार जीव. “बटाटा आहे, पाव आहे, त्यात साखरच ना?” असा त्यांचा युक्तिवाद. असेल, पण तळलेली आहे.

साखर वर आली की काम अर्धंच झालेलं असतं. नुसतं गोड देत राहिलं तर ते भराभर चढतं, त्यावर आणखी इन्सुलिन सुटू शकतं, आणि तासाभरात माणूस पुन्हा खाली. म्हणून लगेच मागून टिकाऊ खाणं: भाकरी-डाळ, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे, भाजलेले चणे. आमच्याकडे पानात भाताचा डोंगर असतो. भातासाठी कर्जतचं कृषी संशोधन केंद्र नावाजलेलं, इथल्या बियाण्याला गावाचंच नाव: कर्जत-३, कर्जत-७. त्या गावच्या माणसाचा भात कमी करणं सोपं नव्हतं. बंद केला नाही. अर्धा केला, आणि बाजूला नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, चवळी, कधी सुकट. एका बैठकीत पोटभर जेवण्याऐवजी दिवसाचे सहा-सात भाग केले, दर दोन-अडीच तासांनी काहीतरी. ह्यांच्या डब्याचे तीन डबे झाले. कारखान्यातले लोक म्हणायचे, सहलीला आलाय का?

वजन वाढतं, ते धरूनच चाला. सारखं खाणं आणि इन्सुलिन दोन्ही मिळून माणूस सुटतो. पाहुणे म्हणायचे, “तब्येत छान सुधारलीय हो!” यावर हसण्याखेरीज काय करणार.

६. रात्र

रात्रीचं जेवण आठला आणि सकाळचा चहा सहाला, म्हणजे दहा तासांची पोकळी. शेवटचं खाणं झोपताना, आणि पहाटे तीनला उठून मोजणं व खाणं. आहारतज्ज्ञ ताईंनी झोपताना कच्चं कॉर्नफ्लॉवर गार दुधात घालून द्यायला सांगितलं, चमचे मोजून. ते शिजवायचं नाही, गरम दुधातही नाही. कच्चं असेल तरच ते पोटात हळूहळू फुटतं आणि काही तास साखर पुरवत राहतं, शिजलं की साध्या पिठासारखं लवकर पचतं. चव खडूची. बाजारात मी दर आठवड्याला पुडे न्यायला लागले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “ताई, चायनीजची गाडी टाकली काय?”

काही दिवस दंडावर लावायची सेन्सरची चकती वापरली. ती चौदा दिवस चालते आणि मोबाइलवर आकडा दाखवते, खाली गेला की वाजते. फार आधार वाटला. पण ती कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, रक्ताच्या मागून काही मिनिटांनी. त्याच दंडावर झोपलं तर दाब पडून उगाच कमी दाखवते. वाजली की बोट टोचून खात्री करायची, आणि माणूस घामाने भिजलेला दिसला तर चकती काहीही म्हणो, आधी साखर द्यायची.

पहाटेची पाळी सासूबाई, मी आणि मुलगा यांनी वाटून घेतली होती. एकट्या बायकोने ती घेतली तर महिन्याभरात दोन पेशंट होतात.

७. “मला काही होत नाहीये” यावर विश्वास ठेवायचा नाही

सुरुवातीला ह्यांना हात थरथरणं, धडधडणं, भूक, सगळं कळायचं. साखर वारंवार उतरत गेली की शरीर ही सूचना देणंच कमी करतं. मग माणूस बाहेरून बरा दिसतो, बोलतो, आणि आकडा असतो चाळीस. त्यामुळे आम्ही घड्याळावर चाललो, भुकेवर नाही.

दुसरं, साखर उतरलेला माणूस ऐकत नाही. हट्ट त्याचा नसतो, मेंदू उपाशी असतो. “साखरपाणी देऊ का?” असं विचारलं की उत्तर “नको” येणारच. विचारायचंच नाही. ग्लास हातात द्यायचा, “घ्या” म्हणायचं, आणि आपणही एक ग्लास तोंडाला लावायचा. समोरचा पितोय म्हटल्यावर हेही प्यायचे. ही युक्ती सासूबाईंची. आणि त्या वेळी जे काही बोलून जातील ते वहीत लिहायचं नाही, मनातही नाही.

८. शुद्ध गेली तर तोंडात काही नाही

आमच्या भागात आकडी आली की कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल, कुणी चमचा दातांत घालतं, आणि साखरेचा आजार आहे हे कळलं तर सरबत ओततं. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं छातीत जातं. कुशीवर वळवायचं, मान मोकळी ठेवायची, १०८ला फोन करायचा आणि सांगायचं: “साखर उतरून बेशुद्ध आहेत, शिरेतून ग्लुकोज लागेल.” हे वाक्य मुलाने कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं, कारण घाबरल्यावर पत्ता तेवढा आठवतो, बाकी काही सुचत नाही. पावसाळ्यात घाटाखालच्या गावांत रेंज जाते. म्हणून कुठल्या घराच्या ओट्यावर नेटवर्क येतं तेही ठाऊक पाहिजे.

ग्लुकोजचं इंजेक्शन मिळालं की माणूस डोळे उघडून बोलायला लागतो आणि सगळे म्हणतात चला घरी. घरी जायचं नाही. गाठ आत तशीच आहे, तासाभरात पुन्हा उतरू शकते. सलाइन चालू ठेवून, खायला घालून, दोन-चार वेळा मोजूनच निघायचं. ग्लुकॅगॉनच्या इंजेक्शनचंही तसंच: साखर वर येते, पण त्यानेच गाठीतून इन्सुलिन सुटून नंतर पुन्हा खाली जाऊ शकते.

९. खिशातला कागद

ह्यांच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकमध्ये घातलेला कागद असायचा. मजकूर माझा: “मी दारू प्यायलेलो नाही. माझी साखर उतरते. शुद्धीत असेन तर या पुडीतली ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. शुद्धीत नसेन तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.” खाली दोन फोन नंबर. पहिली ओळ ह्यांना अपमानाची वाटली. पण गाडीच्या डब्यात कलंडलेल्या माणसाला लोक बाजूला का सरकवतात, हे आम्हाला ठाऊक होतं. ओळ ठेवली.

मोटारसायकल बंद, रात्रपाळी बंद, यंत्राजवळचं काम बंद. पाळीतल्या दोन माणसांना सगळं उघड सांगितलं आणि त्यांच्याही लॉकरमध्ये ग्लुकोजचा डबा ठेवला. लपवाछपवी या आजारात परवडत नाही.

उपासांचा प्रश्न मात्र नाजूक. हे एकादशी आणि नवरात्र कडक करणारे. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर गप्प बसून राहिले. सासूबाईंनी निकाल दिला, “त्याच्या वाटचा उपास मी धरते, देवाला हिशेबाशी मतलब.” त्या स्वतः मधुमेहाच्या. मग त्यांना आवरणं हे माझं वेगळंच काम होऊन बसलं.

१०. गोळ्या आणि गाठ

डायझॉक्साइड नावाची गोळी गाठीला इन्सुलिन सोडण्यापासून अडवते. आमच्या इथल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही, मुंबईहून आणावी लागली, म्हणून हातात आठवड्याचा साठा उरला की पुढची सोय बघायची. तिने अंगात पाणी धरतं. ह्यांचे पाय सुजले, मग लघवीची गोळी जोडली. अंगावर केसही वाढतात. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन काहींना लागू पडतं, काहींची साखर उलट आणखी उतरवतं, म्हणून पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखालीच.

खरा इलाज गाठ काढणं. पण ती सापडावी लागते. दहापैकी नऊ गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि साध्या, न पसरणाऱ्या असतात. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये ह्यांची दिसलीच नाही. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावून पोटातून बघतात त्यात दिसली. आता एक्झेंडिन नावाचं द्रव्य वापरून पेट स्कॅनही करतात, त्यात इतर तपासण्यांत न सापडलेल्या गाठीही सापडतात. इन्सुलिनचा शोध टोरांटोत १९२१ साली लागला. सहा वर्षांत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा गाठीचा पहिला पेशंट नोंदवला. तो स्वतः सर्जन होता, आणि पोट उघडलं तेव्हा रोग पसरलेला होता. १९२९ मध्ये टोरांटोतच रॉस्को ग्रॅहॅम यांनी गाठ काढून पेशंट बरा केला. कसलाही स्कॅन नसताना, नुसत्या बोटांनी चाचपून. मला हे वाचून फार धीर आला होता.

ऑपरेशननंतर काही दिवस साखर उलट चढते, दोनशेच्या पुढेही. स्वादुपिंडाच्या बाकीच्या पेशी इतके दिवस दबून राहिलेल्या असतात, त्यांना जाग यायला वेळ लागतो. तो आकडा बघून मुलगा घाबरला, मी मात्र वॉर्डभर सांगत सुटले. पोटातली नळी लवकर निघाली नाही. स्वादुपिंडाचा रस झिरपत राहतो, तसं बऱ्याच जणांना होतं. नळीसकट घरी आलो आणि रोज किती मिलिलिटर आलं ते त्याच वहीत पुढे लिहिलं.

११. घरातल्या बाकीच्यांचं

थोड्या पेशंटांत ही गाठ आनुवंशिक आजाराचा भाग असते. त्यात गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडून रक्तात कॅल्शियम वाढतं, मुतखडे होतात, आणि मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतही गाठ येऊ शकते. पेशंट तरुण असेल किंवा एकापेक्षा जास्त गाठी असतील तर हे जरूर बघतात. ह्यांचं कॅल्शियम ठीक निघालं. तरी मोठ्या दिरांना मुतखड्याचा जुना त्रास आहे हे मी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्यांचंही रक्त एकदा तपासून घ्या. साधी तपासणी आहे, कर्जतमध्ये होते. चिठ्ठी त्यांच्या फळीवर ठेवून आले आहे. ते म्हणतात, लावणी उरकू दे.